ट्रुमन स्टेटला निघालात? मिझुरीतल्या एका सरकारी लिबरल आर्ट्स विद्यापीठाची वाट

“लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्सच ना गं? मग याला बारावी सायन्स करायला कशाला लावलं?”

सांगलीहून ताईचा फोन होता. माझा भाचा अमेरिकेत बायॉलॉजी शिकायला येणार, तेही ‘लिबरल आर्ट्स’ विद्यापीठात, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. मी मिझुरीतच, सेंट लुईसला राहते, त्यामुळे पुढची चौकशी, कागदपत्रं आणि शेवटी गाडीतून सामानासह पोहोचवणं हे सगळं माझ्याकडे आलं. त्यानंतर ओळखीतल्या आणखी तीन-चार मुलांचंही आलं. दर वेळी तेच प्रश्न आणि त्याच चुका. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी नावाचा घोळ मिटवू

विद्यापीठाचं नाव ट्रुमन स्टेट युनिव्हर्सिटी. ‘स्टेट’ म्हणजे सरकारी, मिझुरी राज्याचं. नियामक मंडळावरची माणसं राज्याचा गव्हर्नर नेमतो. (हा गव्हर्नर आपल्यासारखा राजभवनातला नसतो, निवडून आलेला असतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी समजा.)

‘लिबरल आर्ट्स’ या शब्दातल्या ‘आर्ट्स’चा आपल्या अकरावीच्या आर्ट्स शाखेशी संबंध नाही. ही शिकवण्याची एक पद्धत आहे. मुख्य विषय कोणताही घ्या, गणित, नर्सिंग, अकाउंटिंग, इतिहास. त्याच्या जोडीला विज्ञान, भाषा, समाजशास्त्र, कला, लेखन यांतलं थोडं थोडं प्रत्येकाला करावंच लागतं. बायॉलॉजीवाला तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसतो आणि इतिहासवाली संख्याशास्त्र करते. आपल्याकडे दहावीनंतर एकेक दार बंद होत जातं, इथे ती दारं मुद्दाम उघडी ठेवतात. ताईला मी एवढंच सांगितलं की त्याची बारावी सायन्स वाया गेलेली नाही, फक्त त्याला आता निबंधही लिहावे लागतील. “निबंध? तो?” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजं बहुतेक खासगी आणि महागडी असतात. सरकारी असून याच पद्धतीने शिकवणारी थोडी. त्यांची १९८७ पासून एक परिषद आहे. नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल, मिनेसोटातलं मॉरिस, मेरीलँडमधलं सेंट मेरीज ही त्यातली नावं. ट्रुमनवर काट मारली तरी या यादीतलं बाकीचं जरूर बघा, खालचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

ट्रुमनची सुरुवात १८६७ ची. जोसेफ बाल्डविन नावाच्या शिक्षकाने शिक्षक घडवण्यासाठी ‘नॉर्मल स्कूल’ काढलं आणि १८७० मध्ये ते राज्याने हाती घेतलं. नॉर्मल स्कूल हा शब्द आपल्यालाही परका नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात पुण्याचं नॉर्मल स्कूल येतंच. पुढे इथे नावं बदलत गेली. १९८५ मध्ये राज्याने कायदा करून याला संपूर्ण मिझुरीसाठीचं लिबरल आर्ट्स विद्यापीठ ठरवलं आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं नाव दिलं, कारण मिझुरीतून अध्यक्ष झालेला तो एकच माणूस. गंमत अशी की ट्रुमनसाहेबांकडे स्वतःची कॉलेजची पदवी नव्हती. इथून खरोखर पदवी घेऊन गेलेला नामवंत म्हणजे पहिल्या महायुद्धात अमेरिकी फौजांचं नेतृत्व करणारा जनरल पर्शिंग, १८८० च्या तुकडीतला.

पायरी पहिली: नकाशा उघडा

बऱ्याच पालकांना वाटतं की अमेरिका म्हणजे न्यू जर्सी. हे गाव कर्क्सव्हिल, मिझुरीच्या उत्तर टोकाकडे, वस्ती सतरा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गावही याहून मोठं निघेल. चहूकडे मका आणि सोयाबीन. गावाच्या नावाची एक दंतकथा सांगतात: जेसी कर्क नावाच्या खानावळवाल्याने मोजणीदारांना टर्की आणि व्हिस्कीचं जेवण घातलं आणि त्या बदल्यात गावाला आपलं नाव लावून घेतलं. खरंखोटं देव जाणे, पण मोजणीदाराला जेवू घालणं आपल्याकडेही कुणाला नवीन नाही.

सेंट लुईस किंवा कॅन्सस सिटीच्या विमानतळावर उतरलात तर पुढे गाडीने तीन-साडेतीन तास धरा. रात्री दहाला उतरणारं विमान स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका, कारण त्या वेळी पुढे जायला काहीही नसतं. शिकागोला उतरत असाल तर एक छान पर्याय आहे. लॉस एंजेलिसकडे जाणारी ‘साउथवेस्ट चीफ’ रेल्वे ला प्लाटा नावाच्या छोट्या स्टेशनावर थांबते आणि तिथून कर्क्सव्हिल वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मात्र दिवसाला प्रत्येक दिशेची एकच गाडी, चुकली की चुकली. स्टेशनावर रिक्षा-टॅक्सी उभी नसते, न्यायला कोण येणार हे आधी ठरवा. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आपली तारीख आणि वेळ महिनाभर आधी कळवा आणि आणायला कोणी येईल का ते विचारा. विचारायला लाजणारी मुलंच अडकतात.

आणि स्वतःला एक प्रामाणिक प्रश्न विचारा: मला लहान गाव चालेल का? मॉल, मेट्रो, दर शनिवारी नवं हॉटेल हे हवं असेल तर इथे सहा महिन्यांत जीव घुसमटेल. इंजिनिअरिंगच हवं असेल तर याच राज्यात रोला गावी त्यासाठीचं वेगळं सरकारी विद्यापीठ आहे, तिकडे बघा. वर्गात पंचवीस मुलं, शिकवणारा प्राध्यापक स्वतः (त्याचा पीएचडी करणारा मदतनीस नव्हे), आणि दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कामाची संधी, असं हवं असेल तर हे ठिकाण तुमचं आहे. इथे भर पदवीपूर्व शिक्षणावर आहे, पीएचडीवाल्यांची गर्दी नाही, त्यामुळे प्राध्यापकांना संशोधनात हाताशी मुलं लागली की ती पदवीचीच असतात.

पायरी दुसरी: कागद, आणि ‘इंटिग्रेटेड’चा फटका

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. त्यामुळे चारही वर्षांचे गुण लागतात. दहावी-बारावीची बोर्डाची गुणपत्रकं सगळ्यांकडे जपून ठेवलेली असतात, लॅमिनेटसुद्धा केलेली. गोची होते नववी आणि अकरावीत. अकरावीचं गुणपत्रक कुठे आहे हे विचारल्यावर घराघरात एकच शांतता पसरते. ते ज्युनियर कॉलेजातून शिक्का मारून आणावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असतं, म्हणून हे काम गणपतीच्या आधी उरका.

त्याहून मोठी अडचण शिफारसपत्राची. आपल्याकडे हल्ली मुलं ‘इंटिग्रेटेड’ला असतात: नाव एका कॉलेजात, अभ्यास क्लासमध्ये, कॉलेजला तोंड दाखवायचं ते प्रॅक्टिकलपुरतं. मग ज्यांनी मुलाला कधी पाहिलंच नाही ते सर लिहिणार काय? भाच्याला आणलेल्या पहिल्या पत्रात मजकूर एवढाच होता: ‘सदर विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ हा शाळा सोडल्याचा दाखला झाला. इथल्या प्रवेश समितीला हवा असतो प्रसंग. या मुलाने काय विचारलं, कुठे अडला, अडल्यावर काय केलं. शेवटी त्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या बाईंनी पत्र लिहिलं. त्यात शाळेच्या गच्चीवर शेवाळ वाढवण्याचा फसलेला प्रयोग होता आणि तो का फसला याची मुलाने काढलेली तीन कारणं. असं पत्र मिळवा. देणारे टॉपर घडवणारे असण्याची गरज नाही, तुम्हाला ओळखणारे हवेत.

बाकी इंग्रजीची परीक्षा (टोफेल, आयएल्ट्स किंवा ड्युओलिंगो), पासपोर्ट, अर्ज. कोणती परीक्षा, किती गुण, सॅट (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशासाठीची चाचणी) हवी की नको, हे दरवर्षी बदलू शकतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा, व्हॉट्सॲपच्या गटावर नको.

पायरी तिसरी: सरकारी म्हणजे फुकट नव्हे

‘सरकारी’ शब्द ऐकून पालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते मला दर वेळी मोडावं लागतं. राज्याचा पैसा राज्याच्या मुलांसाठी असतो. मिझुरीच्या रहिवाशाची फी कमी, बाहेरच्याची जास्त आणि परदेशी विद्यार्थी बाहेरच्यांतच मोडतो. तरीही नामांकित खासगी कॉलेजांच्या तुलनेत आकडा खूपच खाली येतो, आणि गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या परदेशी मुलांनाही असतात.

हिशोब करताना फक्त ट्यूशनचा आकडा बघू नका. एक कागद घ्या आणि एकाखाली एक मांडा: ट्यूशन, इतर शुल्कं, राहणं, जेवणाचा प्लॅन, आरोग्य विमा, पुस्तकं, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट आणि पहिल्या हिवाळ्याचे कपडे. शिष्यवृत्ती वजा करा. उरलेल्याला चारने गुणा, आणि त्यावर डॉलर वाढेल म्हणून थोडं ठेवा. शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) लागतो हे पत्रात बारीक अक्षरात असतं, ते आत्ताच वाचा. माझ्या ओळखीतल्या एका घराने दुसऱ्याच एका कॉलेजच्या पत्रातली ती ओळ वाचली नव्हती. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती गेली, आणि मग मुदतठेव मोडावी लागली.

पायरी चौथी: व्हिसा

यावर माहितीचे ढीग आहेत, म्हणून भराभर सांगते. प्रवेश आणि पैशांचा पुरावा पटला की विद्यापीठ ‘आय-२०’ पाठवतं, म्हणजे ज्याच्या आधारे व्हिसा मागायचा तो कागद. मग सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे आणि मुलाखत. आपल्याकडच्या बहुतेकांना मुंबई. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा. कोर्स सुरू व्हायच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही. शुल्कं आणि नियम अलीकडे फार बदलतात, तेव्हा आकडे दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

मुलाखतीत ‘हेच विद्यापीठ का?’ हे विचारतातच. ‘चांगलं रँकिंग आहे’ हे उत्तर सगळेच देतात. तुमच्या विषयात इथे काय आहे, कोणता कोर्स, कोणतं काम, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर पहिली पायरी पुन्हा चढा.

पायरी पाचवी: पहिला आठवडा

सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं. त्याआधी नव्या मुलांसाठी ‘ट्रुमन वीक’ असतो आणि परदेशी मुलांसाठी वेगळी ओळख-सत्रं. झोप येत असली तरी चुकवू नका. मित्र याच आठवड्यात होतात, नंतर जो तो आपल्या टाइमटेबलला जुंपलेला असतो.

कॅम्पस चालत पालथा घालता येतो. मधोमध मोठं हिरवं मैदान, त्याला ‘क्वाड’ म्हणतात. पिकलर लायब्ररी, विज्ञानाचा मॅग्रूडर हॉल आणि खाणं-टपाल-बैठकांसाठीचं स्टुडंट युनियन बिल्डिंग (मुलं नुसतं ‘सब’ म्हणतात) एवढं पहिल्या दिवशी शोधून ठेवा. क्वाडवर एक खोलगट बाग आहे, सन्कन गार्डन. तिथे पूर्वी तळं होतं. १९२४ मध्ये जुना बाल्डविन हॉल पेटला तेव्हा आग विझवायला ते तळं उपसलं. इमारत वाचली नाही आणि तळंही गेलं. त्या खड्ड्यात आता फुलझाडं आहेत.

बँक खातं, फोनचं सिम, विद्यार्थी ओळखपत्र ही कामं पहिल्या तीन दिवसांत. कॅम्पसवर नोकरी करता येते, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. बाहेर कुठे रोखीने काम करायचा मोह झाला तरी करू नका, व्हिसा त्यातच जातो.

पायरी सहावी: क्रेडिट, मेजर आणि ‘जिन्स’

पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. आठ सत्रांत वाटली तर सत्राला १५, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग. प्रत्येक तासामागे बाहेर दोन तास अभ्यास, हा इथला ठोकताळा. पंधरा अधिक तीस, पंचेचाळीस. म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. एफ-१ वर सत्राला किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात, म्हणून एखादा विषय जड गेला तर सल्लागाराला विचारल्याशिवाय सोडू नका.

हा सल्लागार, ॲडव्हायझर, प्रत्येकाला मिळतो. आपल्याकडे वेळापत्रक बोर्डावर लागतं. इथे ते तुम्ही बनवायचं आणि ॲडव्हायझरशी बोलून पक्कं करायचं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. मेजर बदलता येतो, दोन वर्षांनी बदलणारेही असतात. बीए आणि बीएस (आपली बीएस्सी) यांतला फरकही आपल्यापेक्षा वेगळा. बीएसाठी परकी भाषा बऱ्यापैकी यावी लागते, बीएससाठी गणित-विज्ञानाकडचा भार जास्त. त्यामुळे एकाच विषयात दोन्ही पदव्या दिसतात, आणि बीए घेतलेली मुलगी ‘कमी मार्कांची’ म्हणून आली नसते, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा.

तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला एक प्रकार येतो ज्याचं नाव ऐकून भाचा हसत सुटला: ‘जिन्स’. कपड्यांशी संबंध नाही, ज्युनियर इंटरडिसिप्लिनरी सेमिनार या लांबलचक नावाचं ते लघुरूप. एकच प्रश्न घ्यायचा आणि दोन-तीन विषयांच्या बाजूंनी तो पिंजून काढायचा, भरपूर लिहायचं, पुन्हा लिहायचं. ज्याला वाटत होतं की निबंध आठवीत सुटले, त्याची इथे कसोटी. शेवटच्या वर्षी मेजरचा एक समारोपाचा प्रकल्प असतो, ‘कॅपस्टोन’. वसंत ऋतूत एक दिवस विद्यार्थ्यांची संशोधन परिषद भरते. पहिल्याच वर्षी नुसती बघायला जा, कोणत्या प्राध्यापकाकडे काय चालतं ते एका दिवसात कळतं.

सिलॅबस हाही शब्द नीट समजून घ्या. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे ते आठ-दहा पानांचं करारपत्र असतं: कोणत्या तारखेला काय वाचून यायचं, कशाला किती टक्के, उशीर झाला तर किती कापणार, कॉपी सापडली तर काय. पहिल्या दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरमध्ये उतरवा. इथे वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा नसते, दर आठवड्याला थोडं थोडं मोजलं जातं. अपेक्षित प्रश्नसंच घेऊन शेवटचे पंधरा दिवस जागणाऱ्याचं इथे काही चालत नाही. आणि गाइडमधून उतरवायची सवय विमानातच सोडा. दुसऱ्याचं वाक्य न सांगता घेणं हा इथे फार गंभीर गुन्हा आहे.

पायरी सातवी: त्या उघड्या दारातून आत जा

हीच पायरी आपल्या मुलांना सगळ्यात अवघड जाते. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून बसतात. त्याला ‘ऑफिस अवर्स’ म्हणतात. शंका घेऊन या, शंका नसेल तरी या. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी घोटाळा झालेला असतो. भाचा पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात सी घेऊन बसला होता. “गेलास का त्यांच्याकडे?” मी विचारलं. “दोनदा गेलो, मावशी. आत कोणीतरी होतं, मग परत आलो.” तिसऱ्यांदा गेला तेव्हा बाईंनी विचारलं, “तू परवा बाहेर उभा होतास ना?” वर्गात मुलं थोडी असतात, चेहरे ओळखीचे होतात.

हाक मारताना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ नाही. डॉक्टर आणि पुढे आडनाव. वर्गात बोलण्यालाही गुण असतात. चुकीचं बोललं तरी चालतं, गप्प बसलेलं मात्र मोजलं जातं.

थोडं पोटापाण्याचं

पहिल्या वर्षी बहुतेक मुलं कॅम्पसवरच्या वसतिगृहात राहतात, दोघांत एक खोली. खोलीत इंडक्शन, कुकर चालत नाही, धूर झाला की अलार्म वाजतो आणि आख्ख्या इमारतीला बाहेर यावं लागतं. तेव्हा तो तीन लिटरचा कुकर पहिल्या खेपेला आणू नका. मेसमध्ये शाकाहारी मिळतं, पण तिसऱ्या आठवड्यात पास्त्याचा वीट येतो. गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी एवढं पुरतं. पापड विमानात मोडतात. गावात वॉलमार्ट आणि हाय-व्ही ही मोठी दुकानं आहेत. तूरडाळीसाठी कोणी दीड तासावरच्या कोलंबियाला जात असेल तर त्याच्या गाडीत बसा.

जानेवारीत पारा शून्याखाली पंधरापर्यंतही उतरतो. जाड कोट भारतातून आणू नका, इथेच ऑक्टोबरमध्ये घ्या. वसंतात वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तर व्हिडिओ काढत बसू नका, तळमजल्यावर जा. मे २००९ मध्ये या गावाला टॉर्नेडोने चांगलाच तडाखा दिला होता. डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह उघडं राहतं का, नसेल तर कुठे राहायचं, हे ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवा. भाचा तेव्हा माझ्याकडे येतो, येताना मजल्यावरच्या दोन नेपाळी मित्रांना घेऊन.

गेल्या डिसेंबरात तिघांनी मिळून पिठलं केलं. ताई व्हिडिओ कॉलवर होती. भाचा तिला सांगत होता की पुढच्या सत्रात त्याने बायॉलॉजीबरोबर कवितेचा एक कोर्स घेतलाय. पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग ताई म्हणाली, “पिठल्यात गुठळ्या झाल्यात, ढवळ आधी.”